दोन्ही बाजूंचं निवेदन

गावडे अण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. बेळगावात कोर्टाजवळच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं, एवढाच पसारा. भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून पोट भरतं, पण खरा धंदा निवेदनांचा. आमच्या गावात निवेदनाला मंदी माहीत नाही. गटार तुंबलं की निवेदन, आणि ते उपसायला कुणी आलंच तर त्याच्या अभिनंदनाचं निवेदन. तर एके दिवशी सकाळी एक उंच, काटकुळा माणूस मी टाइप केलेला कागद हातात धरून परत आला.

"बाई, माझा सातवा मुद्दा कुठं गेला?"

"सहाव्यात घातला. दोन्ही एकच होते."

"एकच होते म्हणून तर दोनदा लिव्हलेते. साहेब सहावा वाचायला लागले की त्यांना फोन येतोय. फोन ठेवला की सातव्यापासनं वाचत्यात. मग आमचा मुद्दा गेला न्हवं?"

मी वाद घातला. मला कुणी कागद परत आणलेला आवडत नाही. ते बाकड्यावर बसले, फोल्डर मांडीवर ठेवलं आणि शांतपणे मला सात निवेदनांच्या झेरॉक्स दाखवल्या. प्रत्येकात सात मुद्दे, प्रत्येकात सहावा आणि सातवा सख्खे भाऊ. शेवटी मी सातवा मुद्दा परत वेगळा करून दिला. पुढची अकरा-बारा वर्षं त्यांचा एकही कागद माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी टाइप केला नाही.

अण्णा काजू आयातदार आणि कारखानदारांच्या संघाचे सेक्रेटरी होते. संघ म्हणजे एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक कपाट आणि दोन जीपगाड्यांत मावतील एवढे सभासद. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात काजू फोडायचे, सोलायचे कारखाने आहेत. आपल्याकडचं काजू बी पावसाळ्याआधीच संपतं आणि मग कारखाने चालतात आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बीवर. ते बी बंदरात उतरलं की सरकार त्यावर कर लावतं. हा कर कमी व्हावा, जमलं तर उठावा, यासाठी संघ जन्माला आला होता आणि संघाच्या वतीने हे सांगत फिरण्यासाठी अण्णा. आमदार, खासदार, डीसी म्हणजे आमचे जिल्हाधिकारी, दिल्लीहून कुणी आलंच तर ते, सगळ्यांना अण्णा निवेदन देत. कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तीन प्रती. मराठीची प्रत सरकारात कुणी मागत नसे. ती आमच्यासाठी, म्हणत.

स्वतः मात्र काजू खात नसत. सभेत बशी फिरली की हळूच पुढे सरकवत आणि शर्टाच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लहानपणी घरात काजू विकायचा असायचा. विकायची वस्तू खायची न्हाय, असं आक्का सांगायची. मग सवयच लागली न्हाय."

त्यांचा सगळा जीव पोचेत. निवेदन दिलं की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ते ऑफिसची पायरी उतरत नसत. काम होणं न होणं वरच्यांच्या हातात, पोच मात्र आपल्या हातात, असा त्यांचा हिशेब. संघाचं कपाट पोचांनी भरलेलं होतं. कर तसूभर हलला नव्हता, पण कर हलवा असं कुणाकुणाला सांगितलं याचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढा होता.

एकदा संघाचं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं. संघाचे अध्यक्ष भूपालशेट, निपाणीचे. आजोबांपासून तंबाखूचा व्यापार, मग मुलाच्या हट्टापायी काजूत आलेले. घरात कन्नड, पेठेत मराठी, आणि हिंदी दोन्हीच्या मधली. त्यांनी मंत्रालयातल्या साहेबांसाठी उत्तम काजूचे चार डबे बरोबर नेले होते. दारावरच्या शिपायाने खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत म्हणून ते ठेवून घेतले. शेटजी पुढे निघाले. अण्णा तिथंच थांबले आणि म्हणाले, पोच द्या. शिपाई हसला. अण्णा हसले नाहीत. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा त्याने एका चिठ्ठीवर 'काजू डब्बा ४ मिला' असं लिहून सही ठोकली. आत साहेब भेटलेच नाहीत, ते परदेशी गेले होते. चार दिवस दिल्लीत राहून मंडळ परत आलं ते ही एक चिठ्ठी घेऊन. अण्णांनी ती रीतसर फाइलला लावली आणि वार्षिक अहवालात लिहिलं, 'मंत्रालयाने आमचे म्हणणे स्वीकारले.' मी टाइप करताना त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "म्हणणं न्हाय खरं, डबे तर स्वीकारले न्हवं?" तरी नंतर 'म्हणणे' खोडून 'साहित्य' घातलं, कारण खोटं लिहिणं त्यांना जमत नसे.

मला एक गोष्ट कळत नव्हती. कच्च्या बीवरचा कर उठवा असं पहिल्या पानावर असे आणि बाहेरून येणाऱ्या सोललेल्या काजूवरचा कर वाढवा असं दुसऱ्या पानावर. पहिल्या पानात मुक्त व्यापाराची एवढी स्तुती असायची की टाइप करताना मलाच चार देशांशी व्यापार करावासा वाटे. दुसऱ्या पानात देश लुटला जात असे.

"अण्णा, हा कसला मुक्त व्यापार?"

"बाई, मुक्त व्यापार आपल्याला लागतो तेवढाच मागायचा. जास्त मागितला तर देतील."

हे सगळं ते चेहऱ्यावरची रेष न हलवता बोलत. थट्टा आहे की गंभीर आहे हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. ते बहुतेक वेळा गंभीर असत.

त्यांची आक्का दुकानात आली तो दिवस मला चांगला आठवतो. खानापूरच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. आई लवकर गेली, या थोरल्या बहिणीनेच अण्णांना वाढवलं, मॅट्रिक केलं. ती विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा अण्णांनी काजूची बाग तिच्या नावावर करून दिली. बाग म्हणजे डोंगराच्या उतरणीवरची झाडं. उन्हाळ्यात ती स्वतः वाकून बी वेचायची, सत्तरीला आली तरी. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि आल्या आल्या माझ्या झेरॉक्स मशीनकडे असं पाहिलं की जणू ते कामचुकार आहे.

"हितंच लिव्हतोस व्हय रं तू आमच्या वाईटावर?"

अण्णा उठून उभे राहिले. तोवर मी त्यांना कुणासाठी उठताना पाहिलं नव्हतं, डीसींसाठीसुद्धा नाही.

प्रकरण असं होतं. दिल्लीहून एक मोठे अधिकारी कराबद्दल दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला येणार होते. डीसी ऑफिसच्या हॉलमध्ये अकराला काजू बागायतदार, बाराला आयातदार. बाहेरचं बी स्वस्तात आलं की गावच्या बीला भाव मिळत नाही, तेव्हा कर ठेवाच, हे बागायतदारांचं म्हणणं. पण ते लिहून कोण देणार? गावात मास्तर होते, त्यांनी लिहिलं होतं, पण त्यात काजूपेक्षा निसर्गवर्णन जास्त होतं. म्हणून सगळ्यांनी आक्काला पाठवलं. तिचा भाऊ निवेदनातला वस्ताद, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. तो पलीकडच्या बाजूचा आहे, ही अडचण कुणालाच वाटली नाही.

"आक्का, मला न्हाय लिव्हता येत. मी संघाचा पगार घेतोय."

"आणि माझा काय घेतलास?"

अण्णांनी फोल्डर बाजूला ठेवलं. मग खिशातून पेन काढलं. आक्का बाकड्यावर मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. "लिव्ह. आफ्रिकेतला काजू एवढा सस्ता हाय तर आफ्रिकेतल्यांनीच खावा."

"असं चालत न्हाय आक्का. कारण द्यावं लागतंय."

"मग लिव्ह की, माझी सून कारखान्यात सोलायला जातीया, तिला काम पाहिजे, खरं तिच्या सासूला भाव पाहिजे. दोघी एकाच चुलीवर जेवतोय. एकीचं काढून दुसरीला देऊ नका म्हणावं."

इथं मी टायपिंग थांबवलं. अण्णांनीही पेन थांबवलं. ही सून आक्काची, म्हणजे अण्णांच्या भाच्याची बायको, शेटजींच्या कारखान्यात काजू सोलायला जात होती. बाहेरचं बी आलं नाही तर पावसाळ्यापासून कारखाना बंद, आणि आलं तर सासूचं बी मातीमोल. गेली अनेक वर्षं अण्णा या घरात दर रविवारी जेवायला जात होते. मला तेव्हा त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला, की हा माणूस इतकी वर्षं सात मुद्दे लिहितो आणि हा एक मुद्दा त्यात कधी आला नाही.

त्यांनी दोन दिवस घेतले. बागायतदारांचं निवेदन इतकं बांधेसूद झालं की मी शुद्धलेखन तपासायच्या नावाखाली ते दोनदा वाचलं. मग मला जे दिसलं ते मी त्यांना सांगितलंही.

"अण्णा, तुम्ही यात सात मुद्दे खोडून काढलेत. पण हे मुद्दे आयातदारांचे आहेत. ते तर बाराला मांडणार. हे अकराला उत्तर देतायत."

"मग काय झालं? मला माझंच निवेदन पाठ हाय. दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ?"

"साहेबांच्या लक्षात येईल."

"साहेब एवढं वाचत न्हाईत," असं ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला.

साहेब आले त्या दिवशी संघाच्या कन्नड प्रतीचं एक पान दुकानात राहिलं होतं, ते द्यायला मी डीसी ऑफिसला गेले आणि दाराशी थांबले. बागायतदार बोलून, चहा पिऊन निघून गेले होते. आयातदार आत बसले होते. अधिकारी तरुण होते, आणि दुर्दैवाने वाचणारे. त्यांनी संघाचं निवेदन उघडलं, मग बाजूचं बागायतदारांचं उघडलं. एक पान इकडचं, एक पान तिकडचं. मग हिंदीत म्हणाले की, तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर मला तासाभरापूर्वीच मिळालं आहे. दुसऱ्याचंही. आणि सहाव्याचं उत्तर सातव्यात परत एकदा दिलेलं आहे, कारण तुमचा सहावा आणि सातवा एकच आहे. हे कसं काय?

शेटजींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठले आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही मीच लिव्हल्यात."

अधिकाऱ्यांनी विचारलं, मग तुमचं स्वतःचं मत काय?

अण्णांनी हातातलं फोल्डर मिटलं. मग म्हणाले, "माझं मत कुणी मागितलं न्हवतं, त्यामुळं लिव्हलेलं न्हाय." आणि खाली बसले. बाहेर येताना मात्र दोन्ही निवेदनांची पोच घेतली.

संध्याकाळी शेटजींनी त्यांना माझ्या दुकानातच गाठलं. मी उठून बाहेर जायला निघाले तर शेटजी म्हणाले, "बसा बाई, तुम्ही पण यात हाय." ते खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली.

"अण्णा, तुम्हाला काढायला पायजे."

"व्हय."

"लोक म्हणत्यात फितूर झालाय."

"म्हणू देत. बहीण हाय, शेट."

"ते कळतंय मला. खरं एक सांगा, तिचं आमच्यापेक्षा बरं का लिव्हलं?"

"तिचं सोपं होतं. तुम्हाला कर कमी झाला तर बरं. कर कमी झाला तर तिनं जगायचं कसं हा प्रश्न हाय."

शेटजींनी टोपी परत घातली. सभासदांपैकी कुणालाही अर्ज लिहिता येत नव्हता, हे त्यांना माहीत होतं. पुन्हा दुसऱ्या कुणाचं लिहायचं नाही, अशी शपथ त्यांनी अण्णांना घातली, अण्णांनी ती घेतली, आणि शेटजी "आयतु" म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये झालं, मिटलं. अण्णांच्या बाबतीत मात्र काही मिटलं नव्हतं. रविवारी ते गावी गेले तेव्हा त्यांनी आक्काला शपथेबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही, जेवायला वाढलं. त्या न बोलण्याबद्दल ते माझ्याशी चार दिवस बोलत होते.

पुढच्या अर्थसंकल्पात कर खाली आला. कशामुळे आला कुणास ठाऊक. देशभरातून कारखानदारांनी निवेदनं दिली होती, आमचं त्यातलं एक. अण्णा स्वतः म्हणाले, "आमच्यामुळं झालं म्हणायला पोच न्हाय." पण संघाला सत्कार करायचाच होता. टिळकवाडीत एक हॉल घेतला, फुलांची कमान केली. मानपत्र अर्थातच मी टाइप केलं. ते अण्णांनी स्वतःच तपासून दिलं, कारण तपासणारा दुसरा कोण होता? त्यात 'अविरत' शब्द तीनदा आला होता, त्यातले दोन त्यांनी काढून टाकले. मला मात्र म्हणाले, "आक्काला यातलं काय कळवू नका हं बाई." उन्हाळा लागला होता, गावाकडे बी गळायला सुरुवात झाली होती आणि भाव खाली आल्याची बातमी बी गळायच्या आधीच पोचली होती.

सत्काराला मी गेले. मागच्या रांगेत बसले. शेटजींचं भाषण सुरू झालं आणि दारातून आक्का आली. तेच हिरवं लुगडं, तीच पिशवी. कुणी तिला बोलावलं नव्हतं. सुनेला कारखान्यात कळलं होतं, तिनं सांगितलं असणार. ती सरळ पुढे गेली आणि पहिल्या रांगेत, सभासदांच्या बायकांशेजारी जाऊन बसली. व्यासपीठावर अण्णांनी तिला पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्याला फेटा बांधण्याचं काम चाललं होतं. त्यांनी मान वळवली, फेटा बांधणाऱ्यानं ती परत सरळ केली.

शाल, श्रीफळ, मानपत्र झालं. टाळ्या वाजल्या. आक्कानं सगळ्यांच्यापेक्षा जास्त वेळ वाजवल्या. मग अण्णांना बोलायला उभं केलं. त्यांनी माईकसमोर घसा साफ केला, "अध्यक्ष महोदय" म्हणाले आणि थांबले. पुढे काही आलंच नाही. मिनिटभर उभे राहून ते नमस्कार करून खाली बसले. लोकांना वाटलं विनय. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते घाईघाईने खाली आले. मी शेजारीच होते.

"आक्का, तू कशाला आलीस?"

"कशाला म्हंजे? माझ्या भावाचा सत्कार हाय की."

"कशाबद्दल हाय ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक हाय रं. म्हणून काय घरात बसू?"

तिनं त्यांच्या फेट्याचं सुटलेलं टोक आत खोवलं. शेटजी जेवणासाठी बोलवायला आले तेव्हा ती म्हणाली, बसची वेळ झाली. अण्णाही म्हणाले, तिला सोडून येतो. मला काकतीची बस धरायची होती, म्हणून आम्ही तिघं मिळूनच स्टँडवर गेलो. स्टँडवर खानापूरची बस लागलेलीच होती. आक्का चढली, खिडकीची जागा धरली आणि वरून विचारलं, "यंदा बी कुणाला घालू, तेवढं सांग."

अण्णांना उत्तर माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या पट्ट्यात बी रोखीने विकत घेणारा एकच मोठा कारखाना होता.

"शेटजींनाच घालावं लागंल," ते खाली मान घालून म्हणाले.

"बरं," आक्का म्हणाली.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अण्णांनी एकदा हॉलच्या दिशेने पाहिलं, जिथं त्यांच्यासाठी पंगत थांबली होती. मग फेटा काढला, नारळासकट बगलेत घेतला आणि हलत्या गाडीत चढले. ते उद्या संघात परत येतील की नाही हे तेव्हा मला कळलं नाही. आले नाहीत, आणि माझ्या दुकानातही आले नाहीत. मला शेवटचे दिसले ते खिडकीतून, आक्काच्या शेजारी दाटीवाटीने बसलेले. कंडक्टर समोर उभा होता. आक्कानं आधार कार्ड पुढे केलं, बायकांचं फुकटचं तिकीट घेतलं, आणि कनवटीचा बटवा सोडत म्हणाली, "ह्याचं मी काढतो. खानापूर एक."